रंगाच्या आधीचं तोंड

हौसा, गिरणी बंद हाय. तू गेल्यापास्नं मी इंजनाला हात लावलेला न्हाई. बाया दळणाच्या पाट्या घेऊन दारापतुर येत्यात, कुलूप बघत्यात आन काय न बोलता माघारी वळत्यात. कुणीतरी भांडावं असं वाटतं, पर कुणी भांडत न्हाई. तू असतीस तर कमरंला पदर खोचून म्हणाली असतीस, "आवं, गावानं काय तुमचं तोंड बघून पोट भरायचं व्हय?" माझ्या तोंडाशिवाय तुला बोलायला दुसरा विषयच नसायचा.

आज तुझा दहावा झाला. पाव्हणंरावळं दुपारच्या यष्टीनं गेलं. आबा सोप्यात आडवं झाल्यात. घरात आता दोनच माणसं, एक बाप आन एक ल्योक, आन दोघांलाबी एकमेकांसंगं काय बोलावं ते कळत न्हाई. ते काम तुझं हुतं. म्हणून मी अंगणात येऊन बसलोय, त्याच दगडावर, आन तुझ्यासंगं बोलतोय. येडं लागलं म्हणलीस तरी चालंल.

गावाला मी दोन तोंडांचा माणूस. वरीसभर गिरणीवाला म्हादू, भुवयांपतुर पिठानं पांढरा. आन चैतातल्या जत्रंला नाटकातली पाटलीणबाई. आपल्या ह्या वडूजकडच्या गावात नाटकात काम करायला कोण बाई उभी ऱ्हाणार? सांगलीसनं बाई आणायची ऐपत न्हाई. मग अंगानं शेलाटा, आवाजानं नाजूक असा मीच सापडलो. नेसायला तुझं लुगडं, कानाला तुझी फुलं. पर माझं तिसरं तोंड हुतं, ते गावानं कवा बघितलंच न्हाई. ते फकस्त तुला ठाव.

पयल्या सालची फजिती तुला आठवती का? आपलं लगीन होऊन सहा महिनं बी झालं नव्हतं. त्या दिवशी दिवस मावळंपतुर मी गिरणीत दळत हुतो. पंच्यानं तोंड पुसलं, झालं, गेलो मांडवात. सांगलीचा रंगवाला टिनाची पेटी उघडून बसलेला. त्यानं सफेदा आन पिवडी कालवून माझ्या गालावर थापली, खाली पिठाचा थर तसाच. मिशीचा घोटाळा तर इचारू नगंस. आबांनी मिशी काढाय मनाई केलेली, म्हणून मिशीवर बी रंगच थापला. दुसऱ्या अंकात पाटलीणबाई रडायला लागली तसा गालाचा रंग तळ्यातल्या वाळल्या गाळावानी तडकला आन पोपडं पडाय लागलं. मोठा हुंदका दिला तवा वठावरचा रंग सुटून मिशी भाईर आली. सगळा मांडव उठला. "आगं बया, पाटलीणबाईला मिशी फुटली!" नवरा मेल्याचा परवेश हुता, आन लोकं पोट धरून हसत हुती.

त्या रागाच्या भरात मी काय केलं? सरळ गिरणीत गेलो, इंजनाजवळचा डिझेलचा बोळा घेतला आन तोंड घासून काढलं. रंग निघाला. सकाळी डोळं उघडंनात. गाल भोपळ्यासारखं सुजलं. आबा वसरीला बसलेलं, आत्ती, माझी आई, अजून हुती, ती चुलीम्होरं. आन तू, नवी नवरी, दिसाउजेडी नवऱ्याकडं मान वर करून बघायची न्हाईस, तू सगळ्यांदेखत माझ्या म्होरं येऊन उभी ऱ्हायलीस. नाकानं वास घेतलास. "डिझेल?" म्हणालीस. "आवं, हे तोंड हाय का इंजन?" उजेडात माझ्यासंगं बोललेलं तुझं पयलं वाक्य ते. मी अजून त्याला उत्तर शोधतोय.

तुला तोंडाचं एवढं कळायचं कारण मला मागनं समजलं. तू आष्ट्याकडची, उसातली, म्हशीच्या गोठ्यातली. तिकडं हवंतच वलावा. लगीन करून ह्या उघड्या माळावर आलीस आन पयल्याच थंडीत वाऱ्यानं तुझं गाल फाटलं, वठ उललं. कुणाला बोलली न्हाईस. माहेरी आईनं शिकवलेलं सगळं तू आधी सोताच्या तोंडावर करून बघितलंस, गुपचूप, परसात. मग ते माझ्यावर आलं. म्हणायचीस, "तुमच्या ह्या मुलखाचा वारा कातडं सोलतोय. त्याच्यासंगं भांडून जमत न्हाई, त्याला चुकवाय लागतंय."

दुसऱ्या साली तू पयल्यांदा मिशीला हात घातलास. म्हंजी आबांना. दाराच्या आडनं, डोईवरला पदर फुडं वढून तू बोललीस, आन घरातली भांडी बी गप झाली.

"मामंजी, एक इचारू का?"

"इचार."

"ह्यांची मिशी काढाय द्या."

"बाप जित्ता असताना?" आबा कडाडलं. "मला सरणावर घालायची एवढी घाई झाली व्हय गं?"

मी तर भाईर पळायच्या बेतात हुतो. तू तसूभर हलली न्हाईस. "बारक्या पोराचं जावळ काढत्यात, ते काय बाप मेला म्हणून काढत्यात का? देवाच्या नावानं काढत्यात. ह्यांची मिशी बी देवाच्या नावानं जाऊ द्या. नारळ मी फोडते."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "आन फुडं? न्हाई उगवली तर?"

"न्हाई कशी उगवंल? मी हाय की तेल लावायला."

आबांना हसू आलं ते लपवायला त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. तवापास्नं दर साली माझी मिशी पानात गुंडाळून देवळाच्या पायरीला ठेवायची आन तू नारळ फोडायचीस. गावातली टवाळ पोरं इचारायची, "म्हादबा, मिशीचं जावळ कवा हाय?" मी शिव्या द्यायचो. तू हसायचीस.

मिशी म्हंजी नुसती सुरवात. जत्रा जवळ आली की तू मला ह्या दगडावर बसवायचीस, उनं कलल्यावर. गिरणीत तोंडाला फडकं बांधूनच दळायचं, अशी तुझी ताकीद. आधी ताकाच्या निवळीनं तोंड धुवायचं. मग हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, आपल्याच जात्यातलं, दोनदा चाळलेलं, त्यात दुधाची साय. हळद घालायची न्हाईस. "पिवळं दिसंल रंगाखालनं," म्हणायचीस. बोटानं गोल गोल चोळायचीस, नाकाच्या कडंनं, हनवटीखाली, कानामागं. तिथं पीठ दडून बसायचं. "वरीसभराचं दळण निघालं बघा," म्हणायचीस. मग तुझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं टिपायचीस. घासू द्यायची न्हाईस.

दाढी नाटकाच्या आदल्या दिवशी करायची, त्या दिवशी न्हाई. ताज्या दाढीवर रंग बसला की आग हुती. न्हाव्यानं तुरटी फिरवली का, ते तू बोटानं बघायचीस. आन नाटकाच्या दिवशी मला घोंगड्यावर उताणं पाडून माठातल्या गार पाण्याचं फडकं तोंडावर टाकायचीस. घाम मरतोय त्यानं. मग सगळ्यात शेवटी खोबरेल. बोटाच्या शेंड्यावर मावंल एवढंच. "जास्त झालं तर रंग घसरतोय, कमी झालं तर तडकतोय," असं पुटपुटत ते तू चोळायची न्हाईस, दाबायचीस. गालावर, कपाळावर, पापणीवर. मग उरलेलं टिपून घ्यायचीस आन माझी हनवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचीस.

खरं सांगू का? मला नाटकाचं येड नव्हतं. गावाला वाटायचं म्हादूला लय हौस. हौस हुती ती ह्या दगडाची. आपल्या घरात नवराबायकोनं दिसाउजेडी एकमेकांजवळ बसायची रीत न्हाई. आत्तीच्या म्होरं तू मला पाण्याचा तांब्या द्यायचीस तो बी खाली ठेवून. पर जत्रंच्या त्या दिवसांत तू सगळ्यांदेखत माझं तोंड हातात धरून बसायचीस आन कुणी चकार शब्द काढायचं न्हाई. नाटकाचं काम चाललंय की! देवाचं काम. आत्ती म्होरनं जायची, आबा जायचं, शेजारची बायजाकाकू जायची, आन तुझी बोटं माझ्या पापणीवर. मी डोळं मिटून घ्यायचो. तुला ठाव हुतं का मला काय वाटायचं? असंल. तू कवा इचारलं न्हाईस आन मी कवा सांगितलं न्हाई. आता सांगतोय. लय उशीर झाला, पर सांगतोय.

दुष्काळातलं साल. गिरणी बंद, दळायला दाणाच न्हाई. आपून दोघं बी खडी फोडायला जायचो. तोंडावर दगडाची धूळ, वठांना भेगा. जत्रा बारकी झाली, पर नाटक मोडायचं न्हाई असं गावानं ठरवलं. मी म्हणलं, यंदा तोंडाचं राहू दे. प्यायला पाणी न्हाई. तू तुझ्या वाट्याच्या पाण्यातलं वाटीभर काढून ठेवलं हुतंस. मी लय भडकलो. "तोंड धुवायचं पाणी हाय व्हय हे?" तू म्हणालीस, "धुवायचं न्हाई. भिजवायचं." फडक्याचं टोक बुडवून तू माझा एक एक गाल भिजवलास. तुझ्या सोताच्या वठातनं रगत येत हुतं. मी ते बघितलं. फडकं तुझ्या हातातनं घेऊन तुझ्या तोंडाला लावावं असं मनात आलं, पर वसरीला आबा हुतं. माझा हात उठलाच न्हाई.

आपलं भांडण एकच. एवढं सगळं करायचीस आन नाटक बघाय यायची न्हाईस. एक बी साल न्हाई. गावच्या सगळ्या बाया घोंगडी टाकून म्होरं जागा धरायच्या. तू घरात. रंग उतरवायला तेलाची बाटली तू माझ्याबरं मांडवात धाडायचीस, म्हणून घरी यायचो ते बी तोंड पुसूनच. मला रंगात तू कवा बघितलंच न्हाईस. मी रुसायचो. शिव्या द्यायचो. बायको लाजती माझ्या कामाची, असं बी बोललो. कवा तू म्हणायचीस म्हस व्यायला झाली. कवा म्हणायचीस, डोस्कं दुखतंय. एकदा तर म्हणालीस, "माझंच लुगडं नेसून तुमी मिरवणार आन मी बघत बसू?"

गेल्या साली मी लयच धरून बसलो. आत्ती सरली हुती, आबा देवळात हुतं, घरात कोण नव्हतं. तू माझ्या गालावर तेल दाबत हुतीस. मी तुझं मनगट धरलं. "खरं सांग."

तू म्हणालीस, "रंग लावला की तुमी समद्या गावाचं. ह्यो रंगवाला तुमाला बघतोय, पोरं बघत्यात, त्या बाया बघत्यात. येरवी तुमी पिठाचं. मिशी, धूळ, पीठ. ह्या दोन्हीच्या मधी एक तोंड असतंय. धुतलेलं, मऊ. आत्ता हाय ते. ते वर्सातनं एकदाच येतंय आन ते फकस्त माझं असतंय. त्याच्यावर रंग चढलेला मला बघवत न्हाई."

मी येड्यावानी म्हणलं, "मग तयार कशापाय करतीस?"

"बघायला," तू म्हणालीस. "दुसरं कशाला?"

मग तूच हसलीस आन म्हणालीस, "बरं, फुडल्या जत्रंला येते. म्होरंच बसते. पर एका बोलीवर. तोंड तिथं पुसायचं न्हाई. तसंच रंगात घरी यायचं. पुसणार मी." मी म्हणलं, शपथ घे. तू गळ्याला चिमटा घेतलास.

हौसा, चैत पंधरा दिवसांवर आलाय. तू शपथ मोडलीस. मला तुझा राग येतोय, हे कुणाला सांगू? थंडी सरता सरता ताप काय येतोय, वडूजचा डागदर सुई काय देतोय, आन तू बोलता बोलता गप काय हुतीस! माझ्यासंगं भांडण अर्धं टाकून जायची तुझी खोड नव्हती.

तुला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली म्हणून बाया मळवट भरायला बसल्या. मी दाराशी उभा हुतो. कुणीतरी कोरड्या कपाळावर कुंकवाची चिमूट सोडली आन कुंकू ठरलं न्हाई. घरंगळून तुझ्या नाकावर पडलं, पापणीवर पडलं. दुसऱ्यांदा बी तेच. तापानं कातडं कसं कोरडं झालेलं, त्यावर कुंकू काय ठरणार? मी वरडलो, "आधी मेण लावा गं! आधी कपाळ तयार करा!" सगळ्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. बाप्या माणसानं बायांच्या कामात बोलायचं न्हाई. मला काय कळत नव्हतं. मी आत गेलो, फळीवरनं तुझी मेणाची डबी काढली, खोबरेलाची बाटली काढली. बायजाकाकू सरकून बसली. म्हणाली, "लाव बाबा. तूच लाव."

बोटाच्या शेंड्यावर मावंल एवढंच तेल घेतलं. चोळलं न्हाई, दाबलं. गालावर, पापणीवर, वठाच्या कडंला. पडलेलं कुंकू तुझ्याच पदरानं टिपून घेतलं. मग कपाळाला मेण. आबा उंबऱ्यात हुतं. सगळं गाव अंगणात हुतं. माझा हात उठला, हौसा. आत्ता उठला. मग बायजाकाकूनं मळवट भरला आन तो कसा ठरला! एक कण खाली आला न्हाई. तू बघाय पायजे हुतंस.

आन आज येरळा नदीच्या काठाला दहावा. आपल्याला लेकरू न्हाई, म्हणून सगळं मीच केलं. न्हाव्यानं डोस्क्यावरनं वस्तरा फिरवला, दाढी केली आन मिशीपाशी हात थांबवला. आबांकडं बघून म्हणाला, "वडील हायती. मिशी ठेवू न्हवं?" रीत तीच हाय. बाप असताना मिशी जात न्हाई. चार माणसं बी म्हणाली, ठेव, ठेव.

आबा काठी टेकत उठलं. "काढ," म्हणालं. "सुनंनं माझ्याकडनं मागून घेतली हुती ती. दर साली तिचा नारळ फुटायचा. काढ रं."

मिशी गेली. आबांनीच ती पानात गुंडाळली आन नदीत सोडली. मग पिंड ठेवला, आन कावळा लगीच शिवला. लोकं म्हणाली, चांगलं झालं, बाईची कशात वासना ऱ्हायली न्हाई. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? जरा वेळ लावला असतास तर काय बिघडलं असतं? जत्रंला येते म्हणाली हुतीस, त्याचं तरी मनात ठेवायचं. का तुला ठाव हुतं, मी घरी येऊन ह्या दगडावर बसणार म्हणून?

मघाशी नाटकातली माणसं येऊन गेली. यंदा पाटलीणबाई सुताराच्या नामाला दिली म्हणाली. इचारत हुती, फुडल्या साली तरी उभा ऱ्हाशील का? मी न्हाई म्हणलं. आता रंग नगं.

उनं कललीत. इतक्या दिवसांत गिरणी चालली न्हाई, म्हणून कानामागं सुद्धा पीठ न्हाई. दाढी कालची न्हाई, आजची हाय, एवढं चुकलं. ताकाच्या निवळीनं तोंड धुतलंय. लुगड्याच्या तुकड्यानं टिपलंय, घासलं न्हाई. तेल जरा जास्त झालं असंल, मला तुझ्यावानी अंदाज येत न्हाई. हनवटी उजेडाकडं वळवून बसलोय. आबा उठून वसरीवर आल्यात, बघत्यात, बघू देत.

हौसा, तोंड तयार हाय. कुणी रंग लावणार न्हाई. तू बघून घे.